माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल होते

एकतीस वर्षं मी लोकांचं रक्त काढलं. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या लॅबचं शटर सकाळी सातला वर जायचं आणि सव्वासातला बाकावर दहा माणसं बसलेली असायची. त्यातली निम्मी मला नावानं विचारायची. "विमलताई हायत का? नसतील तर आम्ही उद्या येतो." असं कानावर आलं की मला आतून लई बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. ज्यांची नस कुणाला सापडत नाही ते माझ्याकडं यायचे आणि मी एका टोचणीत काम उरकायचे.

हे लिहितेय ते ज्यांना नुकतंच पार्किन्सन्स सांगितलंय त्यांच्यासाठी. खास करून ज्यांना सांगितलंय पण पटलेलं नाही, त्यांच्यासाठी. मला पटायला जितका वेळ लागला तितका तुम्हाला लागू नये. आजाराची शास्त्रीय माहिती डॉक्टर देतील. मी फक्त माझा मूर्खपणा सांगणार आहे.

अक्षर

पहिल्यांदा खोट काढली ती सलीमभाईंनी. सलीमभाई म्हणजे लॅबमधले माझे वीस वर्षांपासूनचे जोडीदार. मी रक्त काढायचं, ट्यूबवर नाव लिहायचं आणि त्यांनी ती यंत्रात लावायची, असं आमचं चालायचं. एक दिवस ते ट्यूब डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "ताई, ये नाम लिखे या मुंगी चली? कैकू इत्ता बारीक लिखते?"

मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असंल तुमचा. त्यांनी खरंच नंबर तपासून घेतला. नंबर तोच होता.

मग माझ्याही लक्षात यायला लागलं. 'कांबळे' लिहायला सुरुवात करायची मी मोठ्या अक्षरात आणि 'ळे'पर्यंत येईस्तोवर अक्षर तिळाएवढं व्हायचं. उजवा हात मांडीवर ठेवला की अंगठा आपल्या मनानं बोटांवर घासायचा. कामाला लावला की थांबायचा. त्यामुळं मला वाटलं, कामात थांबतोय म्हणजे काही नाही.

ती दुष्काळाची वर्षं होती. तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं. जायकवाडी तळाला गेलेलं आणि आमच्या गल्लीत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी. तिकडं जालना रोडला रोज नवी इमारत उभी राहत होती, रस्ते खणलेले, आणि इकडं आमच्या घरात ड्रम, घागरी, बादल्या, पातेली सगळं ओळीनं मांडून ठेवलेलं. पाणी आलं की घरात नुसती पळापळ. त्यात माझा हात चालेना. एक घागर सरकवून दुसरी लावेपर्यंत पाणी मोरीभर व्हायचं. आमचे हे चिकलठाण्याच्या कंपनीत पाळी करून आलेले असायचे. ते ओरडायचे, "विमल, झोपली का काय तू? पानी चाललं वाया."

"आवरतेच आहे की," मी म्हणायचे. पण आवरत नव्हतं.

स्वतःचं रक्त

आता माझी चूक सांगते. अशी चूक आमच्या धंद्यातलं माणूसच करू शकतं.

मी डॉक्टरकडं गेलेच नाही. लॅब हाताशी होती. मी डाव्या दंडाला पट्टा बांधला, एक टोक दातात धरलं आणि स्वतःचं रक्त काढलं. थायरॉइड लावलं. नॉर्मल. बी ट्वेल्व्ह लावलं. नॉर्मल. साखर, कॅल्शियम, किडनी, लिव्हर. दर महिन्याला काहीतरी नवीन लावायचे आणि प्रिंटरमधून कागद बाहेर आला की आकड्यांवरून नजर फिरवायचे. एकही आकडा ठळक छापलेला नाही. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवायचे आणि त्या दिवशी मला शांत झोप लागायची.

एकतीस वर्षं मी बघत आले होते की माणसाला काय झालंय ते कागदावर येतं. कागदावर नसेल तर झालेलं नसतं. असे आठ महिने घालवले मी. पर्समध्ये नॉर्मल रिपोर्टांचा गठ्ठा झाला आणि उजवा हात चालताना हलायचा बंद झाला.

फर्दापूरची मावशी

फर्दापूरकडची एक मावशी सकाळच्या एसटीनं आली होती. सत्तरीची असेल. प्यायलाच पाणी धड नाही म्हटल्यावर अंगात कुठून असणार, नसा पार बसलेल्या. पण असल्या नसा माझ्या हातच्या होत्या. मी टोचलं. रक्त आलं नाही. सुई आत किंचित वळवायची असते, ती मला वळवता येईना. हात लाकडासारखा झाला होता. दुसऱ्यांदा टोचलं. तिसऱ्यांदा टोचलं तेव्हा कातडीखाली रक्त साचून कोपर निळं झालं.

मावशीनं एकदाही हाय केलं नाही. तिनं दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "राहू दे माय. तुजा हात थकला."

मी सुई सलीमभाईंच्या हातात दिली आणि मागं स्टोअरमध्ये जाऊन रडले. मला आजाराची भीती नंतर वाटली. त्या दिवशी एवढंच वाटलं की सुई गेली तर मी कोण? गल्लीत, विहारात, नातेवाइकांत सगळीकडं मी 'रक्तवाल्या विमलताई' होते. दुसरं काही मी झालेच नव्हते.

तपासणीचा दिवस

माझी मुलगी प्रज्ञा तेव्हा माझ्याशी नीट बोलत नव्हती. तिनं स्वतः पसंत केलेल्या मुलाचे आईवडील घरी आले होते आणि तिचं म्हणणं होतं की मी दोन तास तोंड पाडून बसले. "एकदा तरी हसायचं होतंस आई. त्यांना वाटलं तुला ते आवडलेच नाहीत." मी म्हणत होते, अगं हसले की मी. ती म्हणायची, खोटं नको बोलूस. दोन महिने घरात हे असं धुमसत होतं.

तरी मावशीचा प्रकार कळल्यावर तीच मला मेंदूच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. आमचे हेही सुट्टी टाकून आले. डॉक्टर तरुण होते, लातूरकडचे. त्यांनी मला दवाखान्याच्या पॅसेजमध्ये चालायला लावलं. अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला लावली. मूठ उघडझाप करायला सांगितली. कागदावर एक ओळ लिहायला दिली. मनगट हातात घेऊन हळूहळू फिरवलं. एवढंच. सुई नाही, ट्यूब नाही. मग म्हणाले, "ताई, हा पार्किन्सन्स आहे. मेंदूचा फोटो काढून घेऊ, दुसरं काही नाही ना एवढं बघायला. पण मला शंका नाही."

मी पर्स उघडली आणि गठ्ठा टेबलावर ठेवला. "डॉक्टर, माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत."

त्यांनी एक-एक कागद खरंच वाचला. "यातला एकही रिपोर्ट या आजाराचा नाही," ते म्हणाले. "याचं निदान आजही आम्ही डोळ्यांनी आणि हातांनीच करतो."

"मग तुम्ही म्हणता म्हणून मी मानायचं?"

आमचे हे माझ्याकडं बघत राहिले. इतकं फाडकन मी कधी कुणा डॉक्टरला बोलले नव्हते.

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी प्रज्ञाला विचारलं, "अलीकडं आई रागावल्यासारखी दिसते का?" प्रज्ञानं मान डोलावली. ते म्हणाले, "चेहऱ्याचे स्नायू आखडतात यात. माणूस आतून हसतं, बाहेर दिसत नाही."

प्रज्ञानं माझा हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही. रिक्षात ती म्हणाली, "तू खरंच हसली होतीस?" मी म्हटलं, "अगं, पोरगा चांगला आहे. मला आवडला." मग दोघी रडलो. पुढं बसलेले आमचे हे रिक्षावाल्याला उगाच रस्ता सांगत होते.

एक ट्यूब रक्त

पण त्या आधी दवाखान्यात आणखी एक झालं होतं. मी रिपोर्ट, रिपोर्ट करत बसले म्हणून डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही लॅबवाल्या आहात म्हणून सांगतो. रक्तातल्या काही प्रथिनांवरून हा आजार ओळखता येईल का, यावर काम चाललंय. एका संस्थेला आपण इथून नमुने पाठवतो. द्यायचा असेल तर द्या. पण नीट ऐका, तुम्हाला याचा रिपोर्ट मिळणार नाही. अजून ते शोधताहेत. उपयोग झाला तर पुढच्यांना होईल. तुम्ही गोळ्या उद्यापासूनच सुरू करा."

मी त्यातलं फक्त 'रक्तातल्या प्रथिनांवरून' एवढंच ऐकलं.

नमुने घ्यायला लॅबकडून सलीमभाईच यायचे. त्यांनी माझं रक्त काढलं. मला नंबर मिळाला अकरा. घरी आल्यावर मी गोळ्यांची पाकिटं देवळीत ठेवली, बाबासाहेबांच्या फोटोच्या मागं. मनाशी ठरवलं होतं की त्या प्रथिनाचा आकडा येऊ दे. डॉक्टर मिळणार नाही म्हणाले तरी मी लॅबवाली आहे, कुठून ना कुठून काढीन. आकडा आला की गोळी.

घरच्यांना मी सांगितलं, घेतेय गोळ्या. तीन आठवडे सांगत होते. आमचे हे पाण्याच्या दिवशी आता स्वतः घागरी लावायचे, मला खुर्चीत बसवायचे, आणि हळूच विचारायचे, "पडतोय का काही फरक?" मी म्हणायचे, "व्हय, थोडा." खरं सांगते, आजारापेक्षा त्या खोटं बोलण्याची मला जास्त लाज वाटते.

नंबर अकरा

तीन आठवड्यांनी रजा संपवून कामावर गेले तर मालकांनी मला काऊंटरवर बसवलं. आलेल्यांना रिपोर्ट द्यायचे. त्यांचंही बरोबर होतं. पण पेशंट आत जाताना माझ्याकडं बघायचे आणि मी मान खाली घालायचे.

त्याच दिवशी संस्थेकडं पाठवायचे नमुने बर्फाच्या डब्यात भरायचं चाललं होतं. मी उठून आत गेले. रक्त यंत्रात फिरवलं की लाल पेशी खाली बसतात आणि वर फिक्कट पिवळं पाणी राहतं, त्याला प्लाझ्मा म्हणतात. तेच छोट्या ट्यूबमध्ये गोठवून पाठवायचं होतं. मी अकरा नंबर शोधला. उजेडाकडं धरला.

गुलाबी होता.

गुलाबी म्हणजे खराब. रक्त काढताना जोरात ओढलं, ट्यूब हलवली, आदळली, की लाल पेशी फुटतात आणि त्यांचा रंग पाण्यात उतरतो. साध्या तपासण्यांतसुद्धा असा नमुना मी कधी पुढं जाऊ दिला नाही. इथं तर आणखी वाईट. डॉक्टरांनी दिलेल्या सूचनांच्या कागदावर लिहिलेलं होतं की शोधायच्या प्रथिनांतलं एक मुख्य प्रथिन लाल पेशींत आधीच भरपूर असतं. पेशी फुटल्या की ते बाहेर सांडणार आणि आकडा भलताच येणार.

मी बाकीच्या ट्यूब बघितल्या. निम्म्याहून जास्त गुलाबी.

"सलीमभाई, हे काय?"

"थोडा लाल है ताई. चलता."

"चालत नाय. तुम्हाला माहीत आहे चालत नाय."

त्यांचा आवाज चढला. "तो मैं क्या करूं? पेशंट के अंग में पानी नहीं, नस मिलती नहीं, खींचना पडता. उपर से पूरा जालना रोड खोद के रखे. स्कूटर पे ट्यूब लाता मैं, आदळते आदळते. मालिक को बोले तो मेरी नौकरी खाते तुम."

मी अकरा नंबर परत हातात घेतला. त्या ट्यूबकडं बघत तिथंच स्टुलावर बसले. तीन आठवडे मी या ट्यूबच्या भरवशावर गोळी घेत नव्हते. दुसऱ्या कुणाची ही ट्यूब असती तर मीच ती मोरीत ओतली असती. आणि यातून आलेला आकडा, चांगला काय वाईट काय, मीच फाडून टाकला असता. फर्दापूरच्या मावशीनं नुसतं मनगट धरून जे ओळखलं ते मी आठ महिने कागदात शोधत बसले होते.

दुपारी घरी गेले. फोटोमागून पाकीट काढलं आणि पहिली गोळी घेतली. आमचे हे जेवायला बसत होते. त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी ताट बाजूला सरकवलं. भाकरी तशीच ताटात. मग म्हणाले, "मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तुजा हात माज्यासंगट चालायचा, तो बंद झाला. मला दिसत होतं. मीच घाबरून बोललो नाय." म्हणजे खोटं दोघंही बोलत होतो.

गोळ्या आणि वरण

पहिले आठ दिवस नुसती मळमळ. ज्यांना होते त्यांनी घाबरू नये, डॉक्टरांना सांगावं, मार्ग निघतो. दुसरी गोष्ट वेळेची. वरण, अंडं, दूध असलं खाणं गोळीच्या आड येतं, म्हणून मला जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायला सांगितलं. आमच्या घरात आता मोबाईलचा गजर वाजला की सगळे एका सुरात म्हणतात, "गोळी." जावईसुद्धा. हो, तोच पोरगा.

तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी आम्ही विहारातून चालत येत होतो. हे मागं होते. एकदम म्हणाले, "विमल, हात हलतोय." मी थांबले तर म्हणाले, "थांबू नको, चाल." मी चालत राहिले. उजवा हात थोडा थोडा पुढं-मागं होत होता. घर आलं तरी आम्ही आणखी एक चक्कर मारली.

हा आजार जात नाही. सकाळी अजूनही ब्लाऊजचं बटण लावायला वेळ लागतो आणि काही दिवस नुसते रडण्यात जातात. पण ज्या दिवशी बरं असतं तो दिवस पुरता वापरायचा, हे मला जमायला लागलंय.

नस माझी, सुई त्यांची

गुलाबी नमुन्यांचं डॉक्टरांना सांगितलंच. सलीमभाईंना सोबत घेऊन गेले आणि आधी रस्त्याचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, मग नमुन्यांचं. संस्थेनं ते सगळे गुलाबी नमुने बाद केले. अकरा नंबरही गेला. गोळी सुरू व्हायच्या आधीचं माझं रक्त ते एकदाच मिळणार होतं, ते गेलं.

डॉक्टर म्हणाले, "मग आता कसं करायचं, ताई?" माझ्याकडं बघून विचारलं त्यांनी. कितीतरी महिन्यांनी कुणी मला असं विचारलं होतं.

मी सांगितलं. यंत्र दवाखान्यातच ठेवा, रक्त स्कूटरवर न्यायचंच नाही. पेशंट आला की आधी दोन ग्लास पाणी, अर्धा तास बसवा. हातावर कोमट फडकं. बारीक सुई नको, तिच्यातून येताना पेशी फुटतात. ओढायचं नाही, येऊ द्यायचं. ट्यूब हलवायची नाही, सावकाश उलटी-सुलटी करायची. डॉक्टरांनी लिहून घेतलं. टँकरचं पाणी गाळून भरलेला एक माठ दुसऱ्या दिवशी तिथं आला.

तेव्हापासून दर बुधवारी मी आणि सलीमभाई तिथं जातो. माझा डावा हात अजून शाबूत आहे. डाव्या बोटानं मी नस चाचपते. एकतीस वर्षांचं बोट आहे ते, चुकत नाही. "इथं," म्हणते आणि सलीमभाई टोचतात. पेशंट घाबरलेले असतात. मी त्यांना माझा उजवा हात दाखवते, मांडीवर थरथरणारा. म्हणते, "हे बघा, मलाही आहे." मग ते मोकळं बोलतात. अक्षर बारीक झाल्याचं, बायको चिडल्याचं, सगळे रिपोर्ट नॉर्मल आल्याचं. त्या शेवटच्याला मी जास्त वेळ देते.

वर्षानं माझं रक्त पुन्हा घ्यायचं होतं. मी दोन ग्लास पाणी प्यायले, फडकं ठेवलं, आणि माझी नस मीच दाखवली. सलीमभाईंनी एका टोचणीत काढलं. यंत्र थांबेपर्यंत दोघंही उभे होतो. त्यांनी ट्यूब काढून खिडकीकडं धरली. वरचं पाणी स्वच्छ पिवळं होतं, लालीचा मागमूस नाही.

त्या नमुन्यातून काय निघालं ते मला कळणार नाही. माझ्या नातवंडांच्या वेळेला कदाचित या आजाराचाही एक साधा रिपोर्ट निघेल, आणि कुणाला आठ महिने वाया घालवावे लागणार नाहीत. निघेल असं मला मनापासून वाटतं. तोवर डॉक्टरांच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा, एवढंच सांगणं.

नोंदवहीत नमुन्यापुढं शेरा लिहायचा असतो. सलीमभाईंनी पेन पुढं केलं. मी उजव्या हातात घेतलं आणि प्रज्ञानं शिकवलं तसं एकेक अक्षर मनात मोठ्यानं म्हणत लिहिलं. 'नमुना चांगला.' शेवटचा 'ला' जरा लहान झाला.

सलीमभाईंनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि लांबूनच वाचून दाखवलं.